जुन्या वळणाची फटफटी

वसंत व्याख्यानमालेत मोटारसायकल हा विषय घेऊन उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. समोर समुद्रात कुलाब्याचा किल्ला उभा आहे, आंग्र्यांच्या आरमाराची कथा येथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, आणि आम्ही मात्र फटफटीची कथा सांगणार! परंतु इतिहास केवळ किल्ल्यांचा आणि तहांचा नसतो. माणसाने हाताने घडवलेल्या प्रत्येक वस्तूला इतिहास असतो. त्या वस्तूवरून माणसे हमरीतुमरीवर येऊ लागली, म्हणजे भांडणाच्या तळाशी काही तरी खरे आहे असे समजावे. आमचे बहुतेक आयुष्य कामगारांची नि मालकांची भांडणे ऐकण्यात गेले असल्यामुळे एवढे तरी आम्हांस कळते.

हे भांडण आम्ही कोठे ऐकले ते सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. तेव्हापासून रविवारी सकाळी तिच्या पोटातून मोटारींच्या जोडीने मोटारसायकलींचे ताफे बाहेर पडतात आणि तासाभरात अलिबागच्या किनाऱ्यावर चहाला थांबतात. यांतल्या पुष्कळ गाड्या जुन्या वळणाच्या असतात. गोल दिवा, फुगीर टाकी, तपकिरी बैठक. पाहणाऱ्यास वाटावे, आजोबांच्या तरुणपणची गाडी कोणी पुसून आणली आहे. प्रत्यक्षात ती गेल्या वर्षीच कारखान्यातून निघालेली असते.

एका रविवारी अशाच एका गाडीभोवती शौकीन मंडळींचे कोंडाळे जमले होते. गाडी ट्रायम्फची, 'स्पीड ४००'. नाव इंग्रजी, जन्म मात्र पुण्याजवळच्या चाकणचा. मालकाने हौसेने तिचे हँडल खाली घेतले होते, मागचे मडगार्ड आखूड केले होते आणि लांब बैठक काढून एका माणसापुरती छोटी बैठक शिवून घेतली होती. आम्ही चहाचा पेला हातात धरून बाजूस उभे राहिलो आणि तासभर मते ऐकत होतो.

एक साठीचे गृहस्थ जुन्या बुलेटवरून आले होते. ते म्हणाले, "अरे बाबा, हे नाटकातल्या राजासारखे झाले. मिशी चिकटवली म्हणून कोणी छत्रपती होत नाही." गाडीचा तरुण मालक हसला. तो म्हणाला, "काका, तुमची गाडी येताना दोनदा बंद पडली. माझी बटण दाबले की सुरू होते, आणि ब्रेक दाबला की उभी राहते. रूप जुने आणि पोट नवे, यात वाईट काय?" तिसरा एक जण हाताने गाड्या बदलून घेणाऱ्यांच्या पंथातला होता. त्याचे म्हणणे, की कारखान्यातून निघालेली गाडी हजारांसारखी असते. तिच्यावर आपला हात फिरला, म्हणजे ती आपली. मग ती जुनी की नवी हा प्रश्न गौण.

कोंडाळ्याच्या कडेला गावातले एक गॅरेजवाले मिस्त्री उभे होते. त्यांना कोणीच विचारले नव्हते. जाताजाता ते म्हणाले, "गाडी झकास आहे, दादा. पण बंद पडली तर माझ्याकडे नका आणू. माझ्याकडे पाने आहेत, तिला लागतो तो कॉम्प्युटर नाही."

ही चार मते आम्ही घरी घेऊन आलो. गाडीचे जुनेपण नेमके कशात असते? रूपात, सोयीत, मालकाच्या हौसेत, की तिला उघडू शकणाऱ्या हातात? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावयाचे आहे.

प्रथम रूपाचा इतिहास पाहू. ज्या गाडीवरून हे वळण उचलले, ती 'बॉनव्हिल'. अमेरिकेत बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथे १९५६ साली ट्रायम्फच्या इंजिनावर बांधलेल्या एका यंत्राने वेगाचा मोठा पराक्रम केला, त्यावरून कारखान्याने १९५९ सालच्या आपल्या नव्या गाडीला ते नाव दिले. हा कारखाना इंग्लंडात कॉव्हेंट्री शहराजवळ मेरिडन या खेड्यात होता. मूळचा कारखाना खुद्द कॉव्हेंट्रीत होता. १९४० साली जर्मन बॉम्बफेकीत तो उद्ध्वस्त झाला आणि १९४२ पासून मेरिडनला काम सुरू झाले.

त्या काळच्या इंग्लंडात गाड्या बदलण्याचे वेड कोणाला लागले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ते जमीनदारांच्या मुलांना लागले नव्हते. ते लागले कारखान्यातल्या उमेदवार कामगारांना, फिटरांना, लॉरीच्या ड्रायव्हरांना. युद्धानंतर त्यांच्या हातात प्रथमच चार पैसे खुळखुळू लागले होते. शर्यतीची गाडी विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून साध्या गाडीचे हँडल खाली आणावे, जास्तीचे लोखंड काढून टाकावे, बैठक मागे सरकवावी आणि लंडनच्या वेशीवरच्या 'एस कॅफे'सारख्या चहाच्या ठेल्यांवर जमावे, असा त्यांचा प्रघात पडला. अशा गाड्यांना 'कॅफे रेसर' हे नाव पडले ते त्यावरून. कित्येकांनी तर ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या सांगाड्यात बसवले आणि त्या संकराचे नाव 'ट्रायटन' ठेवले. कोणत्याही कंपनीच्या यादीत ही गाडी नव्हती. ती कामगारांनी आपल्या हातांनी आणि आपल्या रविवारी बनवली होती. आज तेच रूप कंपन्या तयार करून विकतात. हौशी माणसाचा रविवार आता किमतीत धरलेला असतो, एवढाच फरक.

आता आपल्या देशाकडे वळू. बुलेट हे नाव १९३२ सालचे. रॉयल एन्फील्डच्या रेडिच येथील कारखान्याचे. स्वातंत्र्यानंतर सैन्याला आणि पोलिसांना सरहद्दीवर फिरण्यासाठी दणकट गाडी हवी होती. तीतून मागणी वाढली आणि १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी करार होऊन तिरुवोट्टियूर येथे बुलेट बनू लागली. दुसरी गाडी जावा. मुंबईच्या इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियातून ती आणली आणि १९६१ पासून म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात ती घडू लागली. पुढे १९७३ पासून तिचे नाव येझदी झाले. इराणातल्या यझ्द शहरावरून. जावाची एक गंमत जुन्या मंडळींना आठवत असेल. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच असे. गाडी सुरू करून तोच दांडा पुढे फिरवावयाचा, की झाला गिअर.

इंग्लंडात आणि युरोपात या गाड्यांची रूपे पालटली, कारखाने बुडाले, पण आपल्याकडे त्या जशाच्या तशा राहिल्या. आपले लोक तेव्हापासूनच जुन्याचे भक्त होते असे कोणी समजू नये. परवान्याचे राज्य होते, आयातीवर बंधने होती, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. नवा साचा करण्याला पैसा नव्हता आणि गिऱ्हाईक पळून जाण्याची भीतीही नव्हती. त्यामुळे एकच साचा पन्नास वर्षे चालला. ज्याला आज श्रीमंत शौकीन 'क्लासिक' म्हणतो, ते आपल्याकडे गरजेपोटी आणि नाइलाजाने टिकले होते. इंग्लंडातली एन्फील्ड १९७० साली बंद पडली, आणि १९७७ साली मद्रासची बुलेट इंग्लंडात विकावयास गेली. ज्यांनी आम्हांस साचा दिला, त्यांना आम्ही त्यांचेच रूप परत विकले. इतिहासात असे विनोद फार थोडे आढळतात.

पण एकच साचा पन्नास वर्षे टिकल्यामुळे एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते तीच या कथेचा गाभा आहे. ते यंत्र लोकांना पाठ झाले. बुलेट सुरू करणे हा एक विधीच असे. पुढच्या दिव्याच्या कवचावर छोट्या तबकडीत अँमीटरचा काटा असे. किक हळू दाबत तो काटा मधोमध आणावयाचा, हँडलवरची बारीक खिट्टी दाबून इंजिनाचा कोंडलेला दम थोडा सोडावयाचा, आणि मग पूर्ण अंगाचा भार देऊन किक मारावयाची. चुकले तर यंत्र उलटी लाथ घाली. ज्याला हा विधी येई, त्याला इंजिनाच्या आत पिस्टन कोठे आहे हे न पाहता कळे. बिघाड झालाच, तर प्लग काढून पुसणे, पॉईंटमधले अंतर कागदाच्या कपट्याने पाहणे, कार्बोरेटरची सुई फुंकून बसवणे, ही कामे गाडीवाला रस्त्याच्या कडेला करी. त्यापलीकडचे काम मिस्त्री करी आणि त्याच्याही पलीकडचे लेथवाला करी. एका पान्यांच्या संचावर तालुक्यातली दहा-वीस घरे चालत. दुधाच्या किटल्या बांधलेली राजदूत आणि बुलेट महाराष्ट्रातल्या खेड्यांतून कोणी पाहिली नाही? सौराष्ट्रात तर बुलेटच्या पुढच्या धडाला मागे गाडा जोडून 'छकडा' केला आणि त्यावर माणसे, कापूस, म्हशीचा चारा, सारे वाहिले. रूपाची हौस करणाऱ्यांच्या कितीतरी आधी गरजेने गाडी बदलणारे हे कारागीर होते. त्यांच्या हाताला कोणी 'कस्टम' म्हटले नाही, जुगाड म्हटले.

आमच्या किनाऱ्यावर या विद्येला आणखी एक परीक्षा होती. खाऱ्या वाऱ्याने येथे तारा गंजतात, सायलेन्सरला भोके पडतात, मडगार्डाचा पत्रा पापडासारखा होतो. म्हणून येथला मिस्त्री वेल्डिंग, डागकाम, रंगकाम सारे शिकलेला असे. गाडी वीस वर्षे चालली, तर त्यांतली दहा वर्षे त्याच्या हाताची असत.

हा झाला गाडी वापरणाऱ्यांचा आणि दुरुस्त करणाऱ्यांचा इतिहास. आता गाडी बनवणाऱ्यांकडे वळू, कारण शौकिनांच्या चर्चेत त्यांचे नाव तासाभरात एकदाही निघाले नाही.

१९७३ सालच्या सप्टेंबरात मेरिडनच्या कामगारांना सांगण्यात आले, की कारखाना बंद होणार आणि सतराशेंहून अधिक माणसे घरी जाणार. कंपनीची मालकी नव्या गटाकडे गेली होती आणि त्या गटाला काम दुसऱ्या कारखान्यात हलवावयाचे होते. कामगारांनी फाटक अडवले. तयार गाड्या, सुटे भाग, आराखडे, काहीच बाहेर जाऊ दिले नाही. मालकांना वाटले, थंडी पडली की माणसे पांगतील. पण पहारा दीड वर्ष चालला.

अलिबाग तालुक्यातल्या श्रोत्यांना हे ऐकून नवल वाटावयाचे कारण नाही. येथून हाकेच्या अंतरावर चरी गाव आहे. खोतीच्या जाचाविरुद्ध १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसणे बंद केले आणि १९३९ पर्यंत ते हटले नाहीत. ज्याच्यावर पोट, तेच काम थांबवून बसणे ही काय चीज असते, हे चरीच्या माणसाला मेरिडनने शिकवावयास नको. चरीच्या कुळांचे म्हणणे होते, की जमीन कसणाऱ्याचा जमिनीवर काही हक्क आहे. मेरिडनच्या कामगारांचे म्हणणे होते, की गाडी घडवणाऱ्याचा गाडीवर काही हक्क आहे. अंतर सात समुद्रांचे, प्रश्न एकच.

दरम्यान इंग्लंडात सरकार बदलले. मजूर पक्षाचे टोनी बेन उद्योगमंत्री झाले, आणि १९७५ च्या मार्चमध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सरकारने सुमारे ४२ लाख पौंड कर्ज आणि साडेसात लाख पौंड अनुदान दिले. संस्थेने ठरवले, की झाडूवाल्यापासून कसबी फिटरपर्यंत सर्वांना सारखाच पगार, आठवड्याला ५० पौंड. अमेरिकेत त्याच सुमारास नियम झाला होता, की गिअरचा दांडा डाव्या पायाशी असावा; ट्रायम्फचा उजवीकडे होता. अमेरिकेच्या बाजारावर तर सारी मदार. कामगारांच्या संस्थेने तो दांडा उजवीकडून डावीकडे नेला आणि बॉनव्हिल पुन्हा जहाजावर चढली. १९७७ साली इंग्लंडच्या राणीच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव होता. त्या निमित्ताने काढलेली खास बॉनव्हिल आज संग्राहक जिवापाड जपतात. ती कामगारांच्या मालकीच्या कारखान्यात बनली होती, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

आमचे सहकाराचे प्रेम तुम्हांस ठाऊक आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही संस्था टिकली नाही. भांडवल अपुरे होते. नवे इंजिन आखावयास पैसा नव्हता, जुन्याच इंजिनावर सारा व्यापार. समोर जपानी गाड्या. त्या तेल गळत नव्हत्या आणि बटणावर सुरू होत होत्या. पौंड महाग झाला तशी अमेरिकेतली विक्री आटली. सारखा पगार ही भावना थोर, पण कसबी माणसे बाहेर जास्त पैशांवर जाऊ लागली, तेव्हा ती पाळणे अवघड झाले. १९८३ साली संस्था दिवाळ्यात गेली. पुढे कारखाना पाडून तेथे घरे बांधली गेली, आणि तेथल्या एका गल्लीला 'बॉनव्हिल क्लोज' असे नाव दिले गेले.

पण हिशेब करताना एक रकाना विसरू नये. १९७३ साली फाटक अडवले गेले नसते, तर बॉनव्हिल तेथेच संपली असती. पुढची दहा वर्षे ते रूप जिवंत राहिले ते कामगारांच्या हट्टामुळे. आज ज्या रूपाचे दाम मोजले जातात, त्या रूपावर त्यांचे ऋण आहे.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. जॉन ब्लूर नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १९८३ सालीच ट्रायम्फचे नाव विकत घेतले. हिंकली येथे नवा कारखाना उभारून १९९१ पासून नव्या गाड्या काढल्या, आणि २००१ साली जुन्या रूपाची नवी बॉनव्हिल बाजारात आणली. बुलेटची कंपनी १९९४ साली आयशरकडे गेली आणि २००९ साली 'क्लासिक' या नावाने मुद्दाम जुन्या वळणाची गाडी भारतात आली. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला होता. २०१८ साली महिंद्रांच्या भागीदारीतल्या कंपनीने जावाचे नाव पुन्हा आणले. पण गाडी म्हैसुरात न बनता मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला बनू लागली. दुसऱ्याच वर्षी तिची 'पेराक' आली: एकच बैठक, छाटलेले मडगार्ड, जणू मिस्त्रीने हाताने बदललेली, पण कारखान्यातूनच तशी निघालेली. येझदीच्या नावावरून तर खटला झाला. २०२२ साली कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निकाल दिला, की नाव बंद पडलेल्या कंपनीचे आहे आणि म्हणून ते तिची मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अवसायकाच्या ताब्यातले आहे. त्यावर अपील झाले. आम्हांस त्या खटल्यात कायद्याच्या मुद्द्यापेक्षा दुसरेच काही दिसले. कारखाना बंद पडतो, यंत्रे जातात, माणसे पांगतात, आणि मागे उरलेले नाव मात्र इतके मोलाचे ठरते, की त्यासाठी वकील उभे राहतात. ते मोल त्या नावात कोणी भरले? लेथवर उभ्या राहिलेल्या माणसानेही भरले की नाही?

आता आपल्या किनाऱ्यावरच्या गाडीकडे परत येऊ. बजाज आणि ट्रायम्फ यांची भागीदारी होऊन २०२३ च्या जुलैत 'स्पीड ४००' चाकणहून बाजारात आली, किंमत सव्वादोन लाखांच्या घरात. तिचे इंजिन पाण्याने थंड होते. पुढच्या चाकामागे रेडिएटर आहे. तरी इंजिनावर वाऱ्याने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनासारख्या आडव्या पात्यांच्या रांगा दिल्या आहेत. जुन्या गाडीत उष्णता बाहेर टाकण्याचे काम त्या पात्यांचे असे. येथे त्यांचे मुख्य काम आठवण करून देण्याचे आहे. ट्रायम्फच्या मोठ्या बॉनव्हिलमध्ये तर पेट्रोल विजेच्या यंत्रणेने फवारले जाऊ लागले, तेव्हा त्या यंत्रणेच्या खोक्याला जुन्या कार्बोरेटरचा आकार दिला गेला. नाटकातल्या मिशीबद्दल बोलणारे ते काका तितकेसे चुकले नव्हते.

तरीही आम्ही काकांच्या पक्षाचे नाही. जुने लोखंड तेल गळत असे, ब्रेक मनावर घेत नसे, आणि उलट्या किकेने कित्येकांचे घोटे दुखावले आहेत. चाके घसरू न देणारा ब्रेक २०१९ पासून १२५ सी.सी.वरील सर्व नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, धुराचे कडक नियम २०२० पासून आले. त्यांनी माणसे वाचतात. बटणावर सुरू होणारी गाडी आज मुली चालवतात, गुडघे दुखणारे निवृत्त लोक चालवतात. ज्या फटफटीवर फक्त दांडग्या पुरुषाचाच हक्क होता, तिचे राज्य गेले हे चांगलेच झाले. तरुण मालकाचे म्हणणे येथवर सोळा आणे खरे.

हाताने गाडी बदलणाऱ्या तिसऱ्या गृहस्थांबद्दल आम्हांस विशेष ममता आहे, कारण ते एस कॅफेच्या कामगारांचे वारस आहेत. आपल्या मुंबईत अक्षय वर्दे यांनी या कामाचा व्यवसाय उभा केला आणि त्याला 'वर्देंची' असे साधे मराठी षष्ठीतले नाव दिले, याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु त्यांच्या वाटेत कायदा उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ बनावटीत फरक करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. कर्कश सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवणाऱ्या पोलिसांना आम्ही दोष देणार नाही. रात्री झोपणाऱ्या माणसालाही काही हक्क आहेत. पण परिणाम असा झाला, की कारखान्याने जे रूप 'हाताने बदलल्यासारखे' करून विकले ते कायदेशीर, आणि मिस्त्रीने खरोखर हाताने बदलले तर त्याला फाटे फार. कामगाराच्या रविवारातून निघालेली कला अशा रीतीने कारखान्याच्या सोमवारात जमा झाली.

राहिले ते मिस्त्री. आमच्या मते त्या दिवशी मुद्द्याचे तेच बोलले. जुन्या गाडीचे खरे जुनेपण टाकीच्या आकारात नव्हते. ते या गोष्टीत होते, की सामान्य माणूस तिला उघडू शके, समजू शके आणि पुन्हा जोडू शके. जुन्या वळणाच्या नव्या गाडीने सर्व काही परत आणले, एवढे सोडून. यंत्र सुधारले म्हणून त्याची विद्या कुलपात जावी, असा काही निसर्गनियम नाही. दोष सांगणारे उपकरण, दुरुस्तीची पुस्तके, सुटे भाग ही तालुक्याच्या मिस्त्रीला रास्त किमतीत मिळाली, तर तोही शिकेल. त्याच्या बापानेही बैलगाडीचे चाक सोडून जावाचे चाक शिकूनच घेतले होते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचे क्षेत्रही धरले. मागणी नवी नाही आणि अवास्तवही नाही. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या मुलांना हे उपकरण हाताळावयास मिळावे, एवढे मागितले तरी आरंभ होईल.

आणि शेवटचा प्रश्न चाकणचा. ज्या चाकणहून पुढे ट्रायम्फ निघू लागली, तेथल्याच बजाजच्या कारखान्यात २०१३ साली, २५ जूनपासून सुमारे ५० दिवस, विश्व कल्याण कामगार संघटनेचा संप झाला. पगारवाढीच्या बरोबरीने त्यांची एक मागणी सर्वांना चक्रावून गेली: प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० शेअर, एक रुपया दराने. वर्तमानपत्रांत पुष्कळांनी ती हास्यास्पद ठरवली. ती मान्य झाली नाही आणि संप मागे घेतला गेला. ती मागणी व्यवहारात कितपत बसणारी होती यावर वाद होऊ शकेल. आम्हीही संप करण्याआधी दहादा विचार करा असेच सांगत आलो. पण मेरिडनचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला ती हास्यास्पद वाटणार नाही. गाडी घडवणाऱ्याचा गाडीत काही वाटा असावा, हाच तो जुना प्रश्न. तो मेरिडनच्या फाटकावर विचारला गेला, चरीच्या शेतात विचारला गेला, आणि चाकणलाही विचारला गेला. जुन्या वळणाच्या गाडीला जोडलेली ही खरी जुनी गोष्ट आहे, आणि तिच्यावर कोणी सोनेरी रेघ ओढलेली नाही.

म्हणून पुढच्या रविवारी किनाऱ्यावर अशी गाडी दिसली, तर अवश्य थांबा, अवश्य कौतुक करा. रूप सुंदरच आहे, आम्हांसही आवडते. फक्त मत देताना तीन प्रश्न विचारा. ही कोणी घडवली, आणि तो माणूस कायम आहे की कंत्राटी? ही बंद पडली, तर माझ्या गावात उघडता येईल का? आणि आणखी तीस वर्षांनी हिची दुरुस्ती करणारा हात कोठे शिकत असेल? तिन्हींची उत्तरे चांगली आली, तर ती गाडी जुन्या गाडीची खरी वारस आहे असे खुशाल समजा. नाही आली, तर काकांना बोलवा आणि त्यांच्या बुलेटला दोघे मिळून धक्का मारा. ती वाटेत बंद पडलेली असेलच.